उशाखालचा पाना

जेवण झालं की कुणाला विडी लागते, कुणाला डुलकी. फौजींना बदल्या लागायच्या.

हात पुसून खुर्चीत टेकले, पाय स्टुलावर सोडले, की समोर कोण बसलंय हे न बघताच त्यांची गाडी गिअरमध्ये पडायची. सगळी उमर सैन्यात ट्रक चालवण्यात गेलेली, त्यामुळे बोलणंही तसंच. एकदा निघालं की मुक्कामाला पोचल्याशिवाय थांबायचं नाव नाही. जिथं जिथं बदली झाली त्या जागांना त्यांनी नंबर देऊन ठेवले होते. एक नंबर समुद्राकाठचा डेपो. तिथं सकाळी ट्रकच्या टपावर मीठ साचलेलं असायचं आणि संध्याकाळी गंज घासता घासता समोर सूर्य बुडायचा. दोन नंबर नव्या पोरांची शाळा. तिथं फौजी रिकाम्या पिंपांच्या मधून गाडी उलटी काढायला शिकवायचे, आणि एका शिकाऊनं पिंपं सोडून साहेबांची खुर्चीच मागे ढकलत नेली होती. साहेब तेव्हा खुर्चीतच होते. तीन नंबर बर्फातला घाट.

फौजी कुठल्या शब्दाला हसणार आणि कुठल्या शब्दाला खोकणार, हे फौजीणबाईंना पाठ होतं. गल्लीनं त्यांना फौजीणबाई नाव ठेवलं होतं ते उगीच नाही. नवऱ्यानं गाडी चालवली, बाईंनी नवरा चालवला. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीसुद्धा रडतखडत. पण जीभ अशी, की त्या नुसत्या समोर उभ्या राहिल्या तरी भाजीवाला न सांगता मूठभर शेंगा जास्त टाकायचा.

एका बदलीला मात्र फौजींनी कधी नंबर दिला नाही. ती सरहद्दीची. तिथं बायकापोरांना नेता यायचं नाही. ज्यांचे नवरे तिकडे जात, त्या बायकांसाठी सैन्यानं छावणीच्या कडेला खोल्यांची एक लांबलचक रांग बांधली होती. तिला सगळे मागची लाईन म्हणत. नवरे पुढे, बायका मागे. फौजीणबाईंनी कडेवरच्या पोरासकट तिथं दोन वर्षं काढली. गोष्टीत ती बदली आली की फौजींचा आवाज एकदम उतरायचा. "तेव्हा हिनं फार भोगलं," एवढंच म्हणायचे आणि दाराकडे बघायचे.

दाराशी लोखंडाचा हातभर लांब दांडा टेकवलेला असायचा. वर आडवी मूठ, खाली बोथट तोंड. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून ठेवलेला.

"चाक खोलायचा पाना," फौजी पाहुण्यांना सांगायचे. "पहिल्या रजेवर आलो तर हा हिच्या उशाखाली! कुठून पैदा केला होता कोण जाणे. एकटी बाई, लहान पोर, भोवती उजाड माळ. रोज पाना उशाखाली घेऊन झोपायची बिचारी."

इथं ते डोळे पुसायचे. पाहुणेही पुसायचे. फौजीणबाई मान खाली घालायच्या. त्यांनी मान खाली घातलेली बघायला लोक तिकीट काढून आले असते, इतकी ती दुर्मीळ गोष्ट.

आता खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांवर बाईंनी पुढची पस्तीस वर्षं राज्य केलं. हुकमाचा एक्काच तो. शिलाई मशीन घ्यायचं होतं, फौजी म्हणाले पुढच्या वर्षी बघू. बाई म्हणाल्या, "बघा. मागच्या लाईनीत दोन वर्षं कळ काढली, आता एक वर्ष काढायला काय झालं." मशीन आठवड्यात घरात. नणंद महिनाभर राहायची म्हणून आली होती. बाईंनी नुसतं दाराकडे बघितलं. नणंद चार दिवसांत परत. एक्का असा, की तो टाकायचीही गरज नाही, नुसता हातात आहे एवढं दिसलं तरी पुरे.

आणि आता तोच एक्का उलटा फिरून त्यांच्याच अंगावर यायच्या बेतात होता.

मुलगाही फौजेतच, बिनतारी यंत्रांवर. त्याला सरहद्दीचा हुकूम आला होता. जायच्या आधीची रजा म्हणून बायको आणि पाच वर्षांची चिमणी यांना घेऊन तो घरी आला होता. पुढे रस्ते दोन. सध्याचं क्वार्टर सोडून सुनेनं चिमणीला घेऊन इथं सासूसासऱ्यांकडे राहायचं, नाहीतर तिथल्याच छावणीच्या मागच्या लाईनीत खोली घ्यायची. काय ते आज संध्याकाळपर्यंत ऑफिसला फोनवर कळवायचं होतं. खोली धरून ठेवायची मुदत तेवढीच.

फौजींच्या लेखी मात्र निकाल केव्हाच लागला होता. आतली खोली त्यांनी स्वतः रंगवली होती, फिकट निळी. शिडीवर चढू नका म्हणून बाई ओरडत होत्या, तरी चढले. "माझ्या सुनेवर ती वेळ येऊ द्यायची नाही," म्हणाले. "एकदा चूक झाली. बस्स झाली."

मुलगा म्हणाला, "बाबा म्हणतात ते बरोबर आहे."

सून म्हणाली, "तुम्ही सगळे म्हणाल तसं."

हे तिसरं वाक्य फौजीणबाईंच्या घशात काट्यासारखं अडकलं. कारण ही सून म्हणजे सहा वर्षांत एकदाही 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणालेली पोरगी नव्हती. चहात आलं किती घालायचं यावरून सासूशी वाद घालणारी. बाई तोंडावर म्हणायच्या, "हिला बोलती करायला काही घालावं लागत नाही, गप्प करायला मात्र जेवू घालावं लागतं." आणि मनात खूष असायच्या. बरोबरीचं कुणी भांडायला मिळालं होतं म्हणून.

आज तीच सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वाटाणे सोलत बसली होती, आणि दाणे टाकत होती टरफलांच्या सुपात, टरफलं दाण्यांच्या पातेल्यात.

बाईंनी दोन्ही भांडी तिच्यापुढून ओढून घेतली. "माणसांचं जेवण करायचंय की शेळीचं?"

एरवी यावर काहीतरी चुरचुरीत उत्तर आलं असतं. सून नुसतं "चुकलं" म्हणाली.

मग बाईंना खरोखरच काळजी लागली.

नंतर मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना सुनेनं विषय काढला. चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं सासूच्या. दोघी मिळून पाणी झटकत होत्या.

"आई, एक विचारू? मागच्या लाईनीत खरंच इतकं वाईट होतं?"

आणि इथं फौजीणबाईंचं तोंड सवयीनं सुरू झालं. पस्तीस वर्षांचा सराव! "वाईट? अगं, काय सांगू तुला. कडेवर पोर, पुढे उजाड माळ, वारा असा की पत्रे वाजायचे. नवऱ्याची खुशाली कळायची नाही. पायात काटा रुतला तर काढायला माणूस नाही..."

बोलता बोलता त्यांनी चादरीवरून पलीकडे बघितलं. सुनेचा चेहरा, कुणी फुंकर मारून दिवा घालवावा तसा झाला होता.

"नाही, म्हणजे..." सून चादरीला चिमटे लावत म्हणाली, "छावणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. मी औषधं देते ना तिथं, तर लाईनीत राहिलीस तर जागा तुझीच आहे म्हणाल्या. इकडे आले की ती जागा गेली. पण तुम्हीच इतकं सोसलंय, तर मी कोणत्या तोंडानं म्हणू की मला राहायचंय? बाबा नवा रंग देऊन बसलेत."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"ते म्हणाले, आईचं काय झालं ते ऐकलंस ना."

सून रिकामी बादली घेऊन आत गेली. फौजीणबाई चादरीच्या आड तशाच उभ्या राहिल्या. चादर वाऱ्यानं त्यांच्या तोंडावर येऊन थपडा मारत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाची थप्पड मुकाट्यानं खाल्ली.

कारण मागच्या लाईनीत काही वाईट नव्हतं. म्हणजे वारा होता, पत्रेही वाजायचे. पण पहिले दोन महिने सोडले, तर फौजीणबाईंच्या जन्मात इतकी मजा ना आधी झाली, ना नंतर.

त्या लाईनीला पाण्याची एकच टाकी. टाकीखाली एक खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह. तो फिरवला की सगळ्या लाईनीच्या नळाला पाणी. फिरवायला एक माणूस यायचा, तोही त्याच्या मर्जीनं. आला तर आला, नाहीतर बायका बादल्या घेऊन टाकीभोवती एकमेकींच्या झिंज्या धरत बसायच्या. शेवटी कंटाळून स्टोअरच्या साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि व्हॉल्व्हची चावी पुढे धरली. "तुमच्यातलीच एक जण घ्या बघू जबाबदारी." सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. खड्ड्यात बेडूक होते, पायलीचे पन्नास. फौजीणबाईंनी हात पुढे केला. बेडकाला काय भ्यायचं? माहेरी सावत्र आई होती.

त्या दिवसापासून त्या पाण्याच्या ड्युटीवर. सकाळ-संध्याकाळ खड्ड्यात उतरायचं, चावी बसवायची, दोन्ही हातांनी फिरवायची. आधी पाइपात घरघर, मग खोकला, मग लाईनीच्या त्या टोकाकडून हाळी यायची, "आलं!" त्या एका हाळीसाठी फौजीणबाई जेवायच्या थांबल्या असत्या. आपण काहीतरी फिरवलं आणि त्यानं पन्नास चुली पेटल्या, असं त्यांच्या हातून त्याआधी कधी झालं नव्हतं.

नियम त्यांनीच केला. ज्याची बादली आधी, त्याचं पाणी आधी. नवऱ्याच्या बाहीवर किती पट्ट्या आहेत ते नळाला कळत नाही. लाईनीत एका मोठ्या मिशीवाल्या हवालदाराची बायको होती. तिला नवऱ्याच्या मिशीचा भारी तोरा. तिनं एकदा रांग मोडून आपलं पिंप पुढे सरकवलं. फौजीणबाई गेल्या, खड्ड्यात उतरल्या, व्हॉल्व्ह बंद. वर आल्या आणि चावी मांडीवर घेऊन दगडावर बसल्या. "पिंप मागे गेलं की पाणी येईल. मला काही घाई नाही." पिंप मागे गेलं. मिशीवालीनं अबोला धरला, आणि अबोला सुटला तेव्हा अशी गट्टी जमली की दोघी एकमेकींच्या भाकरी थापायच्या. तिला सायकल यायची. पुरुषमाणूस कुणी नाही बघायला, म्हणून भर दुपारी परेडच्या मैदानावर तिनं फौजीणबाईंना सायकल शिकवली. पोरं झाडाखाली आणि आया सायकलवर.

आणि चावी उशाखाली का? तर मैत्री झाली तरी मिशीवालीचा भरवसा नव्हता. तिला पहाटे उठून सगळ्यांच्या आधी कपडे धुवायची खोड. एकदा चावी पळवून पाणी सोडलंही होतं तिनं, अर्धी टाकी वाया. तेव्हापासून चावी उशाखाली.

तेवढ्यात फौजी रजेवर आले. उशी उचलली, आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "घाबरत होतीस ना एकटी?" म्हणाले. बाई सांगणारच होत्या. तोंड उघडलंही होतं. पण सावत्र आईच्या घरात वाढलेल्या बाईला आपल्यासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं नवीन होतं. थंडीत कुणी अंगावर घोंगडी टाकावी तसं वाटलं. घोंगडी आपली नाही, हे लगेच कुठे सांगा? उद्या सांगू म्हटलं. तो उद्या आजपर्यंत उजाडला नव्हता. बिछान्याच्या वळकटीतून चावी नव्या गावाला चुकून गेली, ती गेलीच. मिशीवालीनं कुणाच्या तरी तोंडी निरोप धाडला होता, 'बये, तू तर आमचं पाणी घेऊन गेलीस.'

फौजीणबाईंनी चादर तोंडावरून बाजूला केली. खरं बोलायचं तर दुप्पट तोटा होता. एक्का जाणार तो गेलाच, वर सून आणि चिमणीही जाणार. घरात दोन म्हातारी माणसं. भांडायला कुणी नसलं की जिभेला गंज चढतो. निळी खोली बघून त्याही मनातल्या मनात ठरवून बसल्या होत्या, चिमणीची गादी कुठे आणि सुनेची पेटी कुठे. कुणी विचारलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. सून आली असती, 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत राहिली असती, दोन वर्षं.

"छे," बाई चादरीला म्हणाल्या. "असली गुळमुळीत सून मला नको."

चहाच्या वेळी सगळे बाहेरच्या खोलीत बसले. चिमणी आत झोपली होती. मुलानं फोन हातात घेतला. "मग सांगून टाकू का ऑफिसला, खोली नको म्हणून?"

"थांब जरा," फौजी म्हणाले. ते उठले, दाराशी गेले, आणि पाना उचलून आणून सुनेच्या पुढ्यात स्टुलावर ठेवला. जड वस्तू, स्टूल कुरकुरलं. दार मागे धाडकन आपटलं.

"पोरी, हा बघ. इकडे यायला तुझं मन घेत नाहीये, ते मला दिसतंय. सासरचं घर, सासूचं तोंड असं..."

"माझ्या तोंडाला काय झालं?" बाई म्हणाल्या.

"काही नाही झालं. पण हा पाना बघ आणि मग ठरव. तुझी सासू, हिला कुणी घाबरलेलं... हिला घाबरलेली कुणी बघितली नाही. ती बाई हा उशाला घेऊन झोपायची. मी तिकडे सरहद्दीवर गाडी चालवत असायचो आणि..."

"तो पाना नाही," फौजीणबाई म्हणाल्या.

फौजींचं वाक्य मध्येच खड्ड्यात गेलं. "काय?"

"पाना नाही तो. चावी आहे. पाण्याच्या व्हॉल्व्हची. उलटा करा आणि तोंड बघा."

फौजींनी तो उलटा केला. चष्मा कपाळावरून खाली घेतला. बोट आत घालून बघितलं.

"चौकोनी आहे," ते हळूच म्हणाले. "चाकाच्या नटाला सहा बाजू असतात."

"सगळा जन्म चाकं खोलण्यात गेला तुमचा. पस्तीस वर्षं दाराशी होता. एकदा तरी बघायचं."

"माझ्यानं बघवत नव्हतं," फौजी म्हणाले.

फौजीणबाईंनी कपातला चहा बशीत ओतला आणि परत बशीतला कपात. मग सगळं सांगितलं. टाकी, खड्डा, बेडूक, मिशीवालीचं पिंप. सायकलचं आलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तुला सायकल येते?" बाई म्हणाल्या, "तू झाडाखाली बसून माती खायचास तेव्हा, तुला काय दिसणार." सून फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

फौजी हसले नाहीत. चावी मांडीवर घेऊन बसले होते.

"म्हणजे मी तिकडे होतो," त्यांनी विचारलं, "आणि तू इकडे मजेत होतीस?"

"मजेत होते."

"माझी आठवण..."

"यायची की. काळजीही लागायची. गाडी दरीत गेल्याची बातमी आली की सगळी लाईन गप्प व्हायची, त्या दिवशी कुणी पाण्याला भांडायचं नाही. ते काही खोटं नाही." बाई थांबल्या. "पण रोजच्या रोज काळजी किती करणार? मध्ये पाणी सोडायचं असायचं."

फौजींनी मान हलवली. आता चिडतात की काय असं मुलाला वाटलं असावं, तो फोन खाली ठेवून पुढे सरकला. पण फौजी काहीतरी आठवत होते. बोट उचलून म्हणाले, "शिलाई मशीन."

"काय मशीनचं?"

"या चावीवर घेतलंस तू ते."

"त्याच मशीनवर तुमच्या विजारी शिवल्या."

"आणि माझ्या बहिणीला चार दिवसांत परत पाठवलंस!"

"तो विषय वेगळा. तिला मी चावी नसती तरी पाठवलं असतं."

आता मात्र मुलगाही हसला. फौजींच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण ते आवरून धरत होते. माणूस रुसलेला असला की त्याला हसू दिसू देणं परवडत नाही.

"मला एक सांग," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं रोज नंबर लावतो. समुद्र एक, शाळा दोन, घाट तीन. तुझी एक नंबरची बदली कुठली?"

हा प्रश्न फौजीणबाईंना कुणी कधी विचारला नव्हता. नवऱ्याच्या बदल्या त्या नवऱ्याच्याच, बायको म्हणजे सामानात बांधलेली. पण उत्तर तयार होतं, त्यांना शोधावं लागलं नाही.

"मागची लाईन," त्या म्हणाल्या.

"आणि समुद्र?"

"समुद्र दोन नंबर. तिथं तुमच्या कपड्यांतला गंज काढता काढता माझी नखं गेली, नाहीतर एक दिला असता."

मग त्या सुनेकडे वळल्या. आवाज नेहमीसारखाच, चाबकासारखा. "आणि तू गं? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस ती. तुला काय पाहिजे ते नवऱ्याच्या तोंडावर सांग. मी सोसलं म्हणून तू सोसायला नको, आणि मी मजा केली म्हणून तुझी मजाच होईल असंही नाही. तुझं तू बोल."

सून सरळ बसली. एकदा सासऱ्यांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "मला लाईनीतच राहायचंय. दवाखान्यातली जागा सोडायची नाही. सुट्टीत चिमणीला घेऊन इकडे येईन. आणि बाबा, खोलीचा रंग मला आवडला, पण तो आईंना विचारून दिला असतात तर त्यांनी हिरवा द्या म्हटलं असतं."

"हे बघा," फौजीणबाई म्हणाल्या, "आली माणसात."

मुलानं वडिलांकडे बघितलं. फौजी बराच वेळ चावीची मूठ चोळत राहिले. मग म्हणाले, "लाव फोन. खोली ठेवा म्हणावं." आणि जरा थांबून, "नळ घरात आहेत का तिथं आता, तेही विचार."

"घरातच आहेत, बाबा."

"मग ही काही तिच्या कामाची नाही," फौजी म्हणाले, आणि चावी जिथल्या तिथं दाराशी नेऊन ठेवली.

रजा संपली तशी तिघंही गेली. जाताना सुनेनं रिक्षातून मान बाहेर काढून विचारलं, "आई, बेडूक खरंच होते, की तेही उगीच?" बाई म्हणाल्या, "जाऊन बघ म्हटलं असतं, पण खड्डा कधीच बुजवला असेल." रिक्षा वळली आणि घर एकदम मोठं झालं. निळ्या खोलीत चिमणीनं भिंतीवर हात पुसलेला होता, तेवढा पंजा सोडला तर तिथं काही नव्हतं. फौजींनी तो पुसायला फडकं आणलं. बाईंनी फडकं काढून घेतलं.

त्या संध्याकाळी जेवण झालं. फौजी खुर्चीत बसले, पाय स्टुलावर सोडले, पण गाडी काही सुरू होईना. खिडकीतून गार वारा येत होता.

"अहो, खिडकी लावा," बाई म्हणाल्या.

"का?"

फौजीणबाई बघतच राहिल्या. पस्तीस वर्षांत या घरात 'का' हा प्रश्न त्यांनी विचारला होता, त्यांना कुणी विचारला नव्हता. नजर आपोआप दाराकडे गेली. तिथं चावी होती, चौकोनी तोंडाची. एक्का गेला होता. आता खिडकी लावून घ्यायची तर खिडकीचंच कारण सांगायला हवं होतं.

"गार लागतंय म्हणून," त्या म्हणाल्या. फार कमीपणा वाटला.

"मग असं सांग की." फौजी उठले आणि खिडकी लावली. परत येऊन बसले. खोकले. ही खोकायची जागा नव्हती, बाईंच्या लक्षात आलं.

"ती मिशीवाली," फौजी म्हणाले, "सायकल शिकवताना मागून धरायची, की नुसती ढकलून द्यायची?"

"ढकलून द्यायची मेली."

"आणि व्हॉल्व्ह किती घट्ट होता? एका हातानं फिरायचा?"

"एका हातानं? दोन्ही पाय खड्ड्याच्या भिंतीला लावायला लागायचे."

"ग्रीस नव्हतं केलेलं," फौजी तज्ज्ञासारखे म्हणाले. "मी असतो तर करून दिलं असतं."

"तुम्ही असतात," फौजीणबाई म्हणाल्या, "तर मला खड्ड्यात कोण उतरू देणार होतं?"

फौजींनी यावर विचार केला, आणि पाय स्टुलावरून काढून घेतले. स्टूल पायानंच बाईंच्या बाजूला सरकवलं.

"बरं, पहिल्यापासून सांग," ते म्हणाले. "साहेबांनी चावी पुढे धरली, तिथून."

फौजीणबाईंनी पाय स्टुलावर टाकले. सांगायची सवय नव्हती, त्यामुळे सुरुवात चुकली. बेडूक आधीच येऊन गेले, साहेब मागून आले. पण फौजींनी मध्ये तोंड घातलं नाही.